पाण्याला दोष देण्याआधी ताव बघा

पत्र

आमची यावल तालुक्यात केळी आहे, थोडा कापूस. मी आयटीआयला फिटर केलंय. हात स्वस्थ बसत नाहीत म्हणून शेडमागे जुना ब्लोअर लावून भट्टी केली आणि घरची हत्यारं घरीच करायला लागलो. ट्रकच्या पाट्याचा, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीचा, कोयता केला. चांगला पिवळा होईपर्यंत तापवून विहिरीच्या पाण्याच्या टबात घातला, तर टण्ण आवाज झाला आणि धारेपासून वर बारीक चीर गेली. स्लॅबच्या उरलेल्या सळईचा विळा केला. त्याला कितीदा पाणी दिलं तरी केळीची पिलं कापताना धार वळते. जुन्या कानशीची छिन्नी केली, ती पहिल्याच घावाला टोकाशी तुटली. आजोबा म्हणतात, "पानी चांगलं तं हत्यार चांगलं", केळीच्या खुंटाचं पाणी वापर. कोणी जळकं ऑइल सांगतं, कोणी मीठ. नेमकं पाणी कोणतं घ्यावं? आणि चीर गेलेला कोयता वाचेल का?

— एक वाचक, यावल तालुका

उत्तर

भाऊ, तुमची तिन्ही हत्यारं तीन वेगळ्या कारणांनी गेली आहेत. पाण्याचा दोष त्यातल्या एकातच आहे, आणि तोही अर्धाच. सगळं पत्र पाण्याबद्दल आहे, पण हत्यार पाण्यात बुडतं ते एकदोन क्षणांसाठी. त्याआधी भट्टीत काय झालं आणि त्यानंतर काय करायचं राहून गेलं, यावर धार ठरते. तुमच्या पत्रात टेंपरचं, म्हणजे बुडवून गार केल्यावर हत्यार पुन्हा थोडं तापवून ठिसूळपणा काढण्याचं, नावही नाही. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक तीच आहे. पण क्रमानं येऊ.

सुरुवात सळईपासून करतो, कारण तिचा विषय लवकर संपतो. लोखंड कडक होतं ते त्यातल्या कार्बनमुळे. बांधकामाच्या टीएमटी सळईत कार्बन पाव टक्क्याच्या आसपास असतो, फार तर ०.३ टक्के. एवढ्याशा कार्बनवर कितीही पाणी द्या, विळ्याच्या कामाची धार धरत नाही. सळईचा जो काही कडकपणा असतो, तो कारखान्यात वरच्या थरावर पाण्याचे फवारे मारून आणलेला असतो. तुम्ही ती भट्टीत लाल केली तेव्हा तोही गेला. सळईच्या खुंट्या करा, कड्या करा, भट्टीतले निखारे सारायला आकडा करा. विळ्याच्या नादी लागू नका. जुने लोहारसुद्धा मऊ लोखंडाचं हत्यार करायचे, पण धारेच्या जागी पोलादाची पट्टी घालून, दोन्ही एकत्र तापवून, घणाखाली एकजीव करून. तो हात बसायला वेळ लागतो, एवढ्यात त्यात पडू नका.

पाटा आणि कानस ही मात्र खरी पोलादं आहेत, पण स्वभावानं वेगळी. पाट्यात कार्बन साधारण अर्धा ते ०.६ टक्के, आणि सोबत सिलिकॉन, मँगनीज किंवा क्रोमियम. या मिश्रणामुळे पाटा तेलात विझवला, म्हणजे लाल करून बुडवून गार केला, तरी पुरेसा कडक होतो. पाणी त्याला सोसत नाही. बाहेरची कातडी एका झटक्यात आखडते, आतला गाभा अजून गरम असतो, आणि त्या ओढाताणीत तुमचा 'टण्ण' झाला. कानशीत कार्बन एक टक्का किंवा त्याहून जास्त. ती विलक्षण कडक होते आणि तितकीच ठिसूळ. काही स्वस्त कानशी तर फक्त वरून कडक केलेल्या असतात, आत साधं लोखंड. म्हणून भंगारातून आणलेल्या कुठल्याही तुकड्यावर मेहनत करण्याआधी त्याची परीक्षा घ्या.

परीक्षा सोपी आहे. बोटभर तुकडा कापा, लाल करा, पाण्यात विझवा. मग शेगड्यात (व्हाइसमध्ये) पकडून वर जाड फडकं टाका, डोळ्यांना चष्मा लावा आणि हातोडीचा एक ठोका द्या. वाकला तर ते मऊ लोखंड. काचेगत तुटला तर पोलाद. तुटल्यावर फडकं बाजूला करून तुटलेली बाजू उन्हात धरून नीट बघा, कारण तुमच्या कोयत्याची निम्मी कुंडली तिथं लिहिलेली असते. राखाडी, मलूल, नजरेला दाणा न दिसणारी असेल तर ताव, म्हणजे किती तापवलं ते, बरोबर होता. साखरेसारखे चमचमणारे दाणे दिसले तर तो तुकडा जास्त तापला होता. तुमच्या कोयत्याच्या चिरेत असेच दाणे दिसतील, असं मी आत्ताच सांगतो. ग्राइंडरवरच्या ठिणग्यांवरूनही अंदाज येतो. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ, विरळ फुटणाऱ्या असतात, जास्त कार्बनच्या जवळच आणि झुपकेदार फुटतात. पण त्याला नजर तयार व्हावी लागते. तोडून बघण्यात फसगत कमी.

आता ताव. "चांगला पिवळा होईपर्यंत" असं तुम्ही लिहिलंय, तिथंच मी पत्र खाली ठेवलं. पिवळा म्हणजे हजार अंशांच्या पुढे. ठोकून आकार द्यायला तो ताव ठीक आहे, विझवायला नाही. एवढ्या उष्णतेत पोलादातले दाणे फुगतात, आणि फुगलेल्या दाण्यांवर विझवलेलं हत्यार चिरतं किंवा तुटतंच. पाट्याला साधारण ८३० ते ८६० अंश पुरतात, कानशीला त्याहूनही थोडे कमी. डोळ्याला तो लाल दिसतो, शेंदरीकडे किंचित झुकलेला, पण पिवळट मुळीच नाही.

मग एवढा जाणता गडी पिवळ्यापर्यंत का गेला? भट्टी शेडच्या मागे, म्हणजे उघड्यावर आहे, आणि मला खात्री आहे की काम दुपारी चाललं होतं. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखाच्या उन्हात तापलेल्या लोखंडाचा लाल रंग दिसतच नाही. हत्यार काळपट वाटतं, माणूस ब्लोअर वाढवत जातो, आणि रंग डोळ्यात भरेपर्यंत ताव केव्हाच पुढे गेलेला असतो. हत्यार विझवायचं काम दिवेलागणीला करा, किंवा भट्टीवर पत्र्याचा आडोसा करून सावलीत करा. विझवण्याचा ताव नजरेवर ठरवणारे लोहार उजेड बदलला की जागा बदलतात.

नजर बसेपर्यंत लोहचुंबक वापरा. जुन्या स्पीकरमधलं चुंबक तारेला टांगून भट्टीजवळ ठेवा. लोखंड ७७० अंशांच्या आसपास पोचलं की चुंबकाला चिकटणं सोडतं. तापत असलेला कोयता मधूनमधून बाहेर काढून चुंबकाला क्षणभर लावून बघा. चिकटत नाही असं झालं की कानशीच्या छिन्नीला ताव पुरेसा जवळ आला. पाट्याला त्याहून एक छटा वर न्या आणि थांबा. दुसरी खूण स्वयंपाकघरातली: खायचं मीठ ८०१ अंशांना वितळतं. तापलेल्या पाठीवर चिमूट टाकली आणि ती विरघळून काचेसारखी पसरली, तर आठशे पार झाले. चुंबक मात्र फार वेळ गरम लोखंडाजवळ ठेवू नका, त्याचा जोर जातो.

कोयता एकसारखा तापणं हेही तितकंच महत्त्वाचं. धार पातळ, पाठ जाड, त्यामुळे धार आधी तापते आणि जळते. निखाऱ्यात पाठ खाली ठेवा, धार वर, ब्लोअर मंद, आणि कोयता पुढे-मागे सरकवत राहा. वाऱ्याच्या तोंडासमोर धार कधी धरू नका. बाभळीचा कोळसा असेल तर उत्तम, तो शांत जळतो. दगडी कोळशावर आधी धूर जाऊ द्या. विझवण्याआधी धार कागदासारखी पातळ करून ठेवायची नाही. दीड-दोन मिलिमीटर जाडी राहू द्या, बाकीचं नंतर घासून काढा. वरचा पातळ थर भट्टीत कार्बन गमावतो, तोही त्या घासण्यात निघून जातो.

आणि विझवण्यापूर्वी एक काम करायचं, जे घाईत कोणीच करत नाही. ठोकठाक झाल्यावर हत्यार चुंबक सोडण्यापर्यंत तापवा आणि हवेत, वारा न लागू देता, काळं पडेपर्यंत गार होऊ द्या. असं तीन वेळा. ठोकताना आत भरलेला ताण यानं निघतो आणि फुगलेले दाणे पुन्हा बारीक होतात. हे तुम्ही केलं असतं तर पिवळ्या तावाचं पाप बरंचसं धुऊन निघालं असतं.

आता तुमच्या आजोबांच्या केळीकडे येतो, कारण म्हाताऱ्याचं बोलणं वाऱ्यावरचं नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराच्या बृहत्संहितेत तलवारीच्या प्रकरणात जवळपास हेच आहे: केळीचा क्षार ताकात कालवून एक दिवस ठेवावा, त्यात पाणी पाजलेलं हत्यार दगडावर फुटत नाही आणि दुसऱ्या लोखंडावर बोथटत नाही. केळीच्या राखेत पोटॅशचे क्षार भरपूर असतात, आणि क्षाराचं किंवा मिठाचं पाणी साध्या पाण्यापेक्षा जोरात गार करतं. कारण असं, की तापलेलं लोखंड पाण्यात गेलं की त्याभोवती वाफेचं वेष्टण तयार होतं आणि पाणी लोखंडाला टेकतच नाही. मीठ ते वेष्टण फोडतं. कार्बन जास्त पण बाकी मिश्रण काही नसलेल्या जुन्या पोलादाला या जोराचा उपयोग होता. तुमच्या पाट्याला नेमकं उलट हवंय, सावकाश गार होणं. म्हणजे आजोबांचं खरं आहे, पण ट्रकच्या पाट्यासाठी नाही. खुंटाच्या ताज्या रसात निम्म्याहून कितीतरी जास्त पाणीच असतं, त्यामुळे पाट्याला तोही नको.

पाट्याला तेल. जळकं ऑइल फुकट मिळतं म्हणून सगळे सांगतात, मी नाही सांगणार. त्यात इंजिनातला झिजलेला धातू आणि नाही नाही ते मिसळलेलं असतं, आणि विझवताना त्याचा धूर सरळ तुमच्या नाकात जातो. शेंगदाणा, सरकी, सोयाबीन, जे स्वस्त मिळेल ते खायचं तेल घ्या. वडे-भजी तळून उरलेलं गाळून घेतलं तरी चालतं, फक्त त्यात पाण्याचा थेंब राहायला नको. तापलेलं लोखंड शिरलं की तळाचं पाणी वाफ होऊन तेल अंगावर उडवतं. भांडं लोखंडी, जाड, खोल, आणि त्यावर घट्ट बसणारं झाकण हाताशी. प्लॅस्टिकची बादली अजिबात नाही. कोयता पूर्ण बुडून वर चार बोटं तेल राहिलं पाहिजे. अर्धवट बुडालं तर तेल पेट घेतं. पेटलंच तर झाकण टाका किंवा वाळू, पाणी चुकूनही नाही. अंगावर सुती कपडे, आणि भट्टी कडब्याच्या गंजीपासून व घरात साठवलेल्या कापसापासून दूर. भाव येईल म्हणून आपल्याकडे खोलीभर कापूस पडून असतो, हे मी विसरलेलो नाही.

तेल आधी थोडं गरम करा, ५० ते ६० अंश. हात जेमतेम सोसेल इतकं. गार तेल घट्ट असतं, कोमट तेल पातळ होऊन हत्याराला लवकर भिडतं. एखादा तापलेला लोखंडाचा तुकडा त्यात बुडवला की झालं. मग कोयता धार खाली करून सरळ आत घाला आणि लांबीच्या दिशेनं पुढे-मागे हलवा. आडवा ढवळला तर वाकतो. मुठीत जाणारं शेपूट कडक करायचं नाही, ते कमी तापलेलं राहू द्या, नाहीतर एक दिवस मूठ हातात आणि पातं केळीत. गार झाल्यावर धारेवर जुनी कानस फिरवा. ती चावत असेल तर ताव कमी पडला, पुन्हा करा. नुसती सरकत असेल तर कोयता कडक झाला.

इथं बहुतेक जण काम संपलं समजतात. तुमचंही इथंच थांबलं. या क्षणी कोयता कडक आहे, पण फरशीवर पडला तरी फुटेल असा. त्याला थोडी ऊब देऊन ठिसूळपणा काढावा लागतो, कडकपणाचा थोडा भाग देऊन चिवटपणा विकत घ्यावा लागतो. आमच्याकडे त्याला टेंपर काढणं म्हणतात. हे काम दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही, कारण ताणात राहिलेलं हत्यार रात्रीत आपोआप चिरू शकतं.

टेंपर रंगावर काढतात. हत्यार घासून चकचकीत करा आणि सावकाश तापवा. पृष्ठभागावर रंग चढत जातात: २२० अंशांच्या आसपास फिकट पिवळा, २४० ला गडद पिवळा, २६० ला तपकिरी, २८० ला जांभळा, ३०० च्या पुढे निळा. कांदा चिरायच्या सुरीला फिकट पिवळा पुरे. घाव घालायच्या कोयत्याला धार तपकिरी-जांभळी आणि पाठ निळी. घरात ओव्हन असेल तर २३० ते २५० अंशांवर तासभर, गार करून पुन्हा तासभर. आधी तेल साबणानं स्वच्छ धुवा, नाहीतर घरातल्यांचं ऐकून घ्यावं लागेल. ओव्हन नसेल तर जाड लोखंडी ठोकळा भट्टीत लाल करून बाहेर काढा आणि त्यावर कोयत्याची पाठ टेकवा. रंग पाठीकडून धारेकडे सरकताना स्वच्छ दिसतात. पाठ निळी होऊन धारेवर तपकिरी-जांभळा आला की पाण्यात बुडवून तिथंच रोखा. आता पाणी चालतं, कारण कोयता तेवढा गरम उरलेला नाही.

छिन्नीला मात्र लोहारांची एका तावातली रीत शिकून घ्या, भट्टीजवळ बसून बघण्यासारखी आहे. छिन्नीचं पुढचं तीन बोटं लाल करायचं आणि फक्त टोक, बोटभर, पाण्यात धरायचं. धरताना किंचित वर-खाली हलवत राहायचं. एकाच रेषेवर धरून ठेवलं तर गरम आणि गार यांच्या सीमेवर ती तुटते. टोक काळं पडलं की बाहेर काढून पटकन विटेच्या तुकड्यावर घासायचं, म्हणजे पोलाद पांढरं दिसतं. मागच्या भागात उरलेली उष्णता आता टोकाकडे यायला लागते. आधी पिवळ्याची पट्टी सरकते, तिच्या मागून तपकिरी, मग जांभळा. जांभळा नेमका धारेवर आला की पूर्ण छिन्नी पाण्यात. निळा येऊ दिला तर मऊ पडते, पिवळ्यावरच थांबवली तर तुमच्यासारखी तुटते. हातोडी जिथं बसते ते डोकं कधीही कडक करू नका, त्याचे कपचे उडून डोळ्यात जातात.

तरीही छिन्नीसाठी कानस ही पहिली पसंती नाही. मारखाऊ कामाला गाडीची जाड स्प्रिंग किंवा पाटा बरा. मोटारसायकलचा शॉकअप तसाच भट्टीत टाकू नका, आतल्या बंद नळीत तेल आणि दाब असतो, तो फुटतो. फक्त सुटी स्प्रिंग वापरा. कानशीची सुरी, खरवडणी, आखणी करा, आणि तापवण्याआधी दाते पूर्ण घासून काढा, कारण चीर त्या दात्यांच्या खाचांतूनच सुरू होते. गॅल्व्हनाइज्ड पत्रा किंवा पाइप भट्टीत नको, जस्ताच्या धुरानं ताप भरतो. आणि भुसावळ जवळ आहे म्हणून सांगतो, रुळाचे तुकडे आणि रुळावरचे क्लिप कुणी 'भंगारातले' म्हणून देऊ केले तरी घेऊ नका. पोलाद चांगलं असतं, पण १९६६ चा रेल्वे मालमत्तेचा कायदा असा आहे की माल कुठून आला हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे.

आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) सुमारास रस्त्याकडेला घिसाड्यांची, म्हणजे फिरत्या लोहारांची, पालं पडतात. वखराची पास (लोखंडी पातं) पाजवायच्या निमित्तानं एक सकाळ तिथं बसा. नवरा सांडशीत लोखंड फिरवतो आणि बायको घण घालते, आणि दोघांत एक शब्द होत नाही. मोबाइल काढून व्हिडिओ करण्याआधी विचारा, आणि कामाचे पैसे सांगतील ते द्या, घासाघीस करू नका. तावाचा रंग कसा ओळखायचा हे शंभर ओळी लिहून मला सांगता येणार नाही, ते तिथं एका पासेवर दिसेल.

राहता राहिला चिरलेला कोयता. चीर ठोकून मिटत नाही, आणि वरून वेल्डिंग मारून झाकलेली चीर घाव घालताना कधी उघडेल सांगता येत नाही. ती कुठपर्यंत गेली ते आधी बघा. पात्याला डिझेल चोळा, थोड्या वेळानं कोरडं पुसा आणि वर खडूची पूड लावा. चिरेत शिरलेलं डिझेल पुडीवर काळपट रेघ उमटवतं. ती रेघ संपते त्याच्या पुढे बोटभर जागा सोडून कापायचं. पण आत्ता तो कोयता कडक आहे, करवतीचं पान त्यावर घसरेल. लाल करून कोरड्या राखेच्या ढिगात रात्रभर पुरून ठेवा, सकाळपर्यंत मऊ होईल. पाट्याचा चांगला भाग साधारण वीतभर तरी निघेल, त्यात दोन खुरप्या आरामात होतात. त्या तेलात विझवा, तपकिरीवर टेंपर काढा, आणि पहिली खुरपी आजोबांच्या हातात द्या.